लोबेरा गेले आणि शील्ड आली

एफसी गोवाचा कोच बदलला की मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या स्टँडमध्ये बसणाऱ्या माणसाच्या मनात काय कालवाकालव होते, हे कळायचं तर जानेवारी २०२० च्या अखेरीला परत जावं लागतं. इंडियन सुपर लीगच्या साखळीतले तीन सामने बाकी होते. १५ सामन्यांत ३० गुण मिळवून संघ पहिल्या क्रमांकावर होता. नुकतंच ओडिशाला ४-२ असं हरवलं होतं. आणि क्लबने सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला. हरणाऱ्या संघाचा कोच जातो, हे फुटबॉलमध्ये रोजचंच आहे. पण पहिल्या क्रमांकावरच्या संघाचा कोच शेवटच्या टप्प्यात घरी जातो, हे आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

धक्का मोठा होता, कारण गोव्याची सवय वेगळी होती. भात कापून झालेल्या शेतात आणि फेस्ताच्या स्पर्धांत खेळ शिकलेल्या इथल्या लोकांनी कोच म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारा माणूस असं पाहिलं होतं. आर्मांदो कुलासो दशकाहून अधिक काळ धेंपो या गोव्यातल्या क्लबच्या बाकावर बसले आणि राष्ट्रीय साखळीची पाच विजेतेपदं घेऊन आले. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही पिढी त्यांच्या हाताखाली घडली. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले आणि ज्यांचा जीव त्या क्लबांत गुंतला होता, त्यांना एफसी गोवा एवढंच एक घर उरलं. या क्लबवर लोक इतका हक्क का सांगतात, ते इथून समजतं.

२०१४ साली क्लब सुरू झाला तेव्हा बाकावर झिको होते. ब्राझीलचा तो महान खेळाडू झिको आपल्या मडगावात, याचंच अप्रूप इतकं की पहिली दोन वर्षं कुणी फार हिशेब मागितला नाही. २०१५ मध्ये संघ साखळीत पहिला आला आणि फातोर्ड्यावरच्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटापर्यंत चेन्नईयिनविरुद्ध २-१ असा पुढे होता. मग आपला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या हातून स्वयंगोल झाला आणि पाठोपाठ भरपाई वेळेत मेंडोझाने गोल केला. ती संध्याकाळ आठवली की आजही पोटात कालवतं. पुढच्या वर्षी संघ तळाला गेला आणि झिको गेले. त्या बदलाचं कुणाला वाईट वाटलं नाही, कारण वाट बघण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

लोबेरा २०१७ मध्ये आले. बार्सिलोनात तितो विलानोवा यांचे सहायक राहिलेले, मोरोक्कोच्या मोग्रेब तेतुआनचे माजी कोच. अहमद जाहू आणि पुढे मोर्तादा फॉल हे त्यांचे तिथलेच खेळाडू. त्यांचा खेळ डोळ्यांसमोर आणायचा तर गोलकिकपासून सुरुवात करावी लागेल. गोलरक्षक चेंडू लांब मारत नसे, शेजारच्या बचावपटूला देत असे. जाहू दोन सेंटर बॅकच्या मधोमध खाली यायचा. डावीकडे मंदार राव देसाई रेषेला धरून वर सरकायचा. मूळचा विंगर, लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक केलं. समोरचा फॉरवर्ड अंगावर आला की चेंडू त्याच्या पाठीमागे निघून गेलेला असायचा, आणि पुढे स्ट्रायकर कोरो मोकळा. पहिल्या हंगामात स्टँडमधून ‘लांब मार रे!’ अशी ओरड व्हायची. चेंडू आपल्याच गोलजवळ फिरताना बघणं जिवावर यायचं. वर्षभरातच तेच लोक लांब मारला तर नाराज होऊ लागले. माझ्या मते लोबेरांचं सगळ्यात मोठं काम हे आहे, करंडकांपेक्षा मोठं: त्यांनी प्रेक्षकांची नजर बदलली.

करंडक मात्र हुलकावणी देत राहिला. कोरोने २०१७-१८ मध्ये १८ आणि पुढच्या हंगामात १६ गोल केले. दोन्ही वेळा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट त्याचाच. १७ मार्च २०१९ ला मुंबईत बंगळुरूविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि कॉर्नरवर राहुल भेकेच्या हेडरने संपला. महिन्याभरात भुवनेश्वरला सुपर कप जिंकला तेव्हा थोडं समाधान मिळालं, पण बचाव फार उघडा राहतो ही कुरबूर कायम होती. ती खोटीही नव्हती.

लोबेरांना काढण्यामागे क्लब आणि कोच यांच्यातले मतभेद, एवढंच बाहेरच्यांना कळलं. त्यांची जागा घेतली क्लिफर्ड मिरांडाने, आर्मांदोंच्या तालमीतल्या आपल्याच पोराने. सोबत तांत्रिक संचालक म्हणून डेरिक परेरा. हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२, आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरमध्ये ५-०. साखळीतल्या अव्वल संघासाठीची शील्ड त्या वर्षी प्रथमच दिली गेली आणि ती गोव्याने घेतली. १८ सामन्यांत ४६ गोल. त्यासोबत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जागा मिळाली, जी त्याआधी कुठल्याही भारतीय क्लबला मिळाली नव्हती.

आता या शील्डचं श्रेय कुणाचं? काही जण म्हणाले, माड लोबेरांनी लावला, मिरांडाने नारळ पाडले. मला हे अन्यायाचं वाटतं. कोच गेल्यावर ड्रेसिंग रूम एका रात्रीत विस्कटते, आणि त्या परिस्थितीत सलग तीन सामन्यांत १४ गोल करून घेणं हे काही आपोआप होत नाही. गोंयकार कोच हे करू शकतो याचा अभिमान खरा होता. लोबेरा त्या फोटोत नव्हते याचं दुःखही तितकंच खरं होतं. ही दोन्ही एकाच छातीत होती, आणि एकाने दुसऱ्याला कमी केलं नाही. पुढे उपांत्य फेरीत चेन्नईला ४-१ असा मार खाल्ला, घरी ४-२ जिंकलो, एकूण ६-५ ने बाहेर. लोबेरा असते तर? हा प्रश्न त्या रात्री प्रत्येकाने विचारला. उत्तर नाही, तरी विचारला.

खरी जखम त्यानंतरची. मँचेस्टर सिटीच्या मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ च्या नोव्हेंबरात मुंबई सिटीचा मोठा हिस्सा घेतला होता आणि २०२० मध्ये लोबेरा तिकडे गेले. मागोमाग जाहू, फॉल, ह्यूगो बूमूस गेले. मंदारही गेला, पहिल्या दिवसापासून क्लबमध्ये असलेला आपला मंदार. परदेशी खेळाडू जातात हे मनाने मान्य केलेलं असतं. मंदारचं तसं नव्हतं.

कोविडमुळे २०२०-२१ चा पूर्ण हंगाम गोव्यातच, रिकाम्या स्टेडियमांत झाला. उपांत्य फेरीत गोवा विरुद्ध मुंबई. २-२, मग ०-०, मग पेनल्टी, ६-५. निर्णायक पेनल्टी मारली ती मुंबईच्या रोलिन बोर्जेसने, म्हणजे तोही गोव्याचाच. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटाच्या गोलवर मुंबई विजेती झाली. शील्ड त्यांनी आधीच घेतली होती. आपल्या मैदानावर, आपण शिकलेल्या पद्धतीने खेळून, दुसऱ्याने करंडक उचलला. दादर-परळच्या मुंबईकर मित्रांना आनंद झाला आणि तो त्यांचा हक्कच होता. मी टीव्ही बंद केला नाही. तो खेळ मला अजूनही आवडत होता, हीच अडचण होती.

गोव्यात तोवर हुआन फेरांडो कोच म्हणून आले होते आणि मिरांडा परत सहायकाच्या खुर्चीत. शील्ड जिंकून देणाऱ्या माणसाला पूर्ण हंगाम का दिला नाही, याचा राग मला आजही आहे. फेरांडो वाईट नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये कतारच्या अल-रय्यानला ०-० रोखलं, इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने पहिला गोल केला, ऑक्टोबरात ड्युरँड कप आला. मग डिसेंबरात, हंगाम सुरू असताना, ते एटीके मोहन बागानला निघून गेले. २०२० मध्ये क्लबने कोचला सोडलं होतं, आता कोचने क्लबला सोडलं. डेरिक परेरांनी पुन्हा धुरा घेतली. अडचण आली की गोंयकार आठवतो, ही क्लबची रीतच पडली.

मिरांडाने आपली लायकी दुसरीकडे दाखवली. एप्रिल २०२३ मध्ये अंतरिम कोच असताना त्याने ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. ओडिशाने पुढच्या हंगामासाठी पूर्ण वेळचा कोच नेमला, तो सर्जिओ लोबेरा. गोव्यात लोबेरांच्या जागी मिरांडा आला होता, ओडिशात मिरांडाच्या जागी लोबेरा आले. मिरांडा मोहन बागानमध्ये फेरांडोंचा सहायक झाला.