जहाजावरचे निशाण आणि राष्ट्राचा ध्वज: कोकण किनाऱ्यावरून एक पार्श्वभूमी

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे आयएनएस विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका नौदलात दाखल झाली आणि त्याच समारंभात भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचे अनावरण झाले. त्यावरील निळा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेऊन रेखाटलेला असल्यामुळे कोकणात त्याचे विशेष अप्रूप वाटले, आणि पुढच्या वर्षी ४ डिसेंबर रोजी नौदल दिनाचा मुख्य सोहळा मालवणला, १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या सिंधुदुर्गाच्या परिसरात झाला, तेव्हा या नात्याची पुन्हा उजळणी झाली. मात्र ध्वज म्हणजे राष्ट्राच्या अस्मितेचे प्रतीक, ही आज आपल्या अंगवळणी पडलेली कल्पना या समुद्रावर बरीच उशिरा आली. त्याआधी कित्येक पिढ्या जहाजावरचे निशाण हा मुख्यतः हक्काचा, जकातीचा आणि संरक्षणाचा मामला होता.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रावर परवान्यांची पद्धत बसवली. त्यांचे कार्ताझ, म्हणजे समुद्रप्रवासाचा लेखी परवाना, जवळ नसलेले गलबत पकडले जाई, मग ते कोणत्या राजाच्या प्रजेचे का असेना. मराठ्यांचे आरमार प्रबळ झाल्यावर कान्होजी आंग्रे यांनी हाच नियम उलटा फिरवला: कोकणच्या पाण्यातून जायचे असेल तर आमचे दस्तक घ्या, जकात भरा. मुंबईकर इंग्रजांशी त्यांचा जो दीर्घ झगडा झाला, त्याच्या मुळाशी हीच बाब होती. १७१३ च्या तहाने कान्होजींनी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे मान्य केले, परंतु मुंबईतील देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली जाऊ लागला तर ते जहाज कंपनीचे मानायचे की व्यापाऱ्याचे, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होणे शक्य नव्हते. इंग्रज लेखकांनी या वादाला चाचेगिरीचे नाव दिले आणि ते दीर्घकाळ चालले. वास्तविक तो एका सत्तेने दुसऱ्या सत्तेचे निशाण कुठपर्यंत मानावे, याचा वाद होता.

निशाण कोणी चढवायचे, या प्रश्नाला किती किंमत होती हे विजयदुर्गावर दिसले. १७५६ च्या फेब्रुवारीत कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रजांचे आरमार एकत्र आले. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करीत असताना ॲडमिरल वॉटसनने किल्ल्यावर तोफा डागल्या, बंदरातले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले, आणि पेशव्यांची माणसे आत पोहोचू नयेत म्हणून कंपनीचा अधिकारी रॉबर्ट क्लाइव्ह याला रातोरात फौजेसह किनाऱ्यावर उतरवण्यात आले. किल्ल्यावर प्रथम इंग्रजांचे निशाण लागले. मित्रपक्षाच्या हाती काही महिने केवळ तक्रार राहिली. अखेर बाणकोट इंग्रजांना देण्याच्या बदल्यात विजयदुर्ग परत मिळवावा लागला. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच संमतीने बुडाले, ही हळहळ मराठी इतिहासलेखनात आजही व्यक्त होते, आणि ती अनाठायी आहे असे म्हणवत नाही.

कोकणातल्या सामान्य माणसाचा निशाणाशी संबंध अर्थातच तहनाम्यांपुरता नव्हता. शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालखीबरोबर निघणाऱ्या निशाणाला गावच्या मानपानात स्थान असते, आणि बंदरावर वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला की होड्या समुद्रात जात नाहीत. प्रत्यक्षात दिवसा तिथे शंकू चढवतात आणि रात्री दिवे लावतात, पण बोलण्यात तो बावटाच राहिला आहे.

राष्ट्रीय निशाणाचा प्रश्न समुद्रावर उघडपणे उभा राहिला तो १९४६ मध्ये. रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांवर तेव्हा ब्रिटिश नौदलाचाच पांढरा ध्वज होता: मधोमध सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस आणि कोपऱ्यात युनियन जॅक. त्याखाली राबणाऱ्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या, विशेषतः किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरांतल्या तरुणांची भरती जुनी होती. १८ फेब्रुवारीला मुंबईत एचएमआयएस तलवार या नाविक तळावर निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांवरून संप सुरू झाला, तो बंदरातल्या जहाजांवर पसरला, आणि खलाशांनी ब्रिटिश निशाणे उतरवून काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र चढवले. ब्रिटिश निशाण नको हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्याच्या जागी सर्वांचा म्हणता येईल असा एक ध्वज अजून ठरायचा होता, म्हणून तीन झेंडे लागले. उठाव पाच-सहा दिवसांत संपला.

तो एक ध्वज २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने जवाहरलाल नेहरूंच्या ठरावावरून स्वीकारला: केशरी, पांढरा आणि हिरवा असे समान पट्टे, मध्ये निळे अशोकचक्र, रुंदी आणि लांबीचे प्रमाण दोनास तीन. त्यामागे पंचवीसेक वर्षांची घडामोड होती. १९२१ मध्ये पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे ठेवलेल्या आराखड्यात रंग धर्मसमुदायांचे द्योतक मानले गेले होते आणि त्यावर आक्षेप येत राहिले. १९३१ मध्ये काँग्रेसने पट्ट्यांचे रंग व क्रम बदलताना रंगांना जातीय अर्थ नाही हे स्पष्ट केले आणि त्याग, शांती, श्रद्धा यांसारख्या गुणांशी त्यांची सांगड घातली. रंगांचा धर्मनिहाय अर्थ आजही शाळेच्या फळ्यावर अधूनमधून लिहिला जातो, तो अधिकृतपणे तेव्हाच मोडीत निघाला आहे.

देशाचा ध्वज बदलला तरी नौदलाचा ध्वज तितक्या झटपट बदलला नाही. २६ जानेवारी १९५० रोजी कोपऱ्यातल्या युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला, क्रूस मात्र तसाच राहिला. २००१ मध्ये तो काढून पांढऱ्या पार्श्वभूमीवर नौदलाचे निळे बोधचिन्ह घेतले गेले, पण समुद्र आणि आकाश यांच्या निळाईत ते लांबून ओळखू येत नाही अशी अडचण निघाली आणि २००४ मध्ये क्रूस परत आला, या वेळी मध्यभागी सिंहमुद्रेसह. २०१४ मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’ जोडले गेले. आताच्या ध्वजावर कोपऱ्यात तिरंगा आहे, आणि सोनेरी दुहेरी कडांच्या अष्टकोनात सिंहमुद्रा, नांगर आणि ‘शं नो वरुणः’ हे वचन आहे. भावना कितीही उत्कट असली तरी निशाण दुरून ओळखता आले पाहिजे, हा दर्यावर्दी नियम इथे नौदलालाही चुकला नाही.

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोव्यात, तिरंगा फडकवणे १९४७ नंतरही गुन्हाच होता. तेरेखोल खाडीच्या उत्तर तीरावरील किल्ल्यात १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोमंतकीय सत्याग्रही शिरले आणि त्यांनी तिरंगा लावला; तो जेमतेम दिवसभर टिकला, सत्याग्रही तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी त्याच दिवशी बांद्याजवळच्या पत्रादेवी येथे सीमा ओलांडणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल हुतात्मा झाले. गोव्यावरचे पोर्तुगीज निशाण १९ डिसेंबर १९६१ रोजी उतरले.

कान्होजींच्या काळातला जुना प्रश्न मात्र व्यापारी जहाजांवर अजून जिवंत आहे. भारतात नोंदलेल्या व्यापारी जहाजावर तांबडा ध्वज असतो आणि त्याच्या कोपऱ्यात तिरंगा. पण कोकणातले अनेक तरुण ज्या जहाजांवर नोकरी करतात, ती पनामा किंवा लायबेरियाच्या निशाणाखाली चालतात, कारण तिथे नोंदणी सोपी आणि कर कमी पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्रविषयक करारानुसार जहाजाला ज्या देशाचा ध्वज लावण्याचा अधिकार आहे, त्या देशाचेच ते मानले जाते, आणि खुल्या समुद्रात त्यावर साधारणपणे त्याच देशाचा कायदा चालतो. त्यामुळे पगार थकला किंवा अपघात झाला, तर मालक कुठला आणि खलाशी कुठला याबरोबरच मागच्या काठीवर कोणाचे निशाण आहे, हेही वकिलाला विचारावे लागते.