०४१७ नावाचे दोन रिसीव्हर

गावात जमिनीची मोजणी झाली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते: "आता सॅटेलाइटने मोजले आहे, चुकायचा प्रश्नच नाही." या वाक्यात दोन गैरसमज आहेत. पहिला असा की उपग्रह जमीन मोजतो. तो काहीच मोजत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून हा जीपीएस उपग्रह केवळ स्वतःची वेळ आणि स्वतःच्या कक्षेची माहिती सतत प्रसारित करत राहतो, आणि मोजण्याचे सगळे काम शेतात तिपाईवर बसवलेला रिसीव्हर आणि नंतर कार्यालयातला संगणक करतो. दुसरा गैरसमज असा की यंत्र अचूक असले की नोंदही आपोआप अचूक होते. माझ्या हाताखालून गेलेल्या मोजणीच्या फायलींमध्ये जितक्या मोठ्या चुका सापडल्या, त्यांतल्या बहुतेक उपग्रहांच्या नव्हत्या, संदेशाला उशीर करणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराच्या, आयनांबराच्याही नव्हत्या. त्या नावांच्या होत्या.

एका गावाच्या मोजणीसाठी चार रिसीव्हर वापरले गेले होते, दोन एका ठिकाणाहून भाड्याने आणलेले आणि दोन दुसऱ्या ठिकाणाहून. काही कंपन्यांचे रिसीव्हर फाइलला नाव देताना स्वतःच्या अनुक्रमांकातले शेवटचे चार आकडे, त्यापुढे वर्षातला कितवा दिवस ते आणि शेवटी सत्राचा क्रमांक लिहितात. मोजणी २७ ऑक्टोबरची, म्हणजे वर्षाचा तीनशेवा दिवस. संध्याकाळी लॅपटॉपवर फायली उतरवताना एकाच नावाच्या दोन फायली समोर आल्या: ०४१७३०००. दोन वेगळ्या यंत्रांच्या अनुक्रमांकांचे शेवटचे चार आकडे सारखेच निघाले होते. उतरवणाऱ्याने सावधपणे दुसऱ्या फाइलच्या नावापुढे कंसात २ लिहिले म्हणून ती वाचली. घाईत 'बदला' हे बटण दाबले असते तर एका तिपाईचे सकाळभराचे काम पुसले गेले असते. तरीही अडचण संपली नव्हती, कारण फाइलच्या आत, शीर्षभागातही, बिंदूचे नाव ०४१७ असेच होते आणि गणना करणारे सॉफ्टवेअर बाहेरचे नाव पाहत नाही, आतले पाहते.

चार आकड्यांची एकूण १०,००० नावे होतात, त्यामुळे असा योग दुर्मीळ वाटतो. पण वर्गातल्या दोन मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याचे गणित इथेही लागू होते: अनुक्रमांक यदृच्छेने पसरलेले आहेत असे धरले, तर १२० च्या आसपास रिसीव्हर एकत्र आले की त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचे शेवटचे चार आकडे सारखे असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. चार अक्षरांची ही तंगी जुन्या काळाची देणगी आहे. १९८९ साली युरोपातील ईयूआरईएफ-८९ या मोठ्या मोजणी मोहिमेत चार उत्पादकांचे साठाहून अधिक रिसीव्हर वापरायचे होते आणि प्रत्येकाची फाइल वेगळ्या भाषेत होती. त्यासाठी बर्न विद्यापीठाच्या खगोलशास्त्र संस्थेने रिनेक्स हा सामायिक नमुना तयार केला. संगणकावर तेव्हा फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि प्रत्यय तीन अक्षरांचा असायचा, त्यामुळे स्थानकाच्या वाट्याला चारच अक्षरे आली. रिनेक्सच्या तिसऱ्या पिढीत ती नऊ झाली: जुनी चार अक्षरे, मग खुणेचा क्रमांक, रिसीव्हरचा क्रमांक आणि तीन अक्षरी देशसंकेत. बंगळूरूच्या आयआयएससी या स्थानकाचे नाव आता आयआयएससी-००-आयएनडी असे लिहितात. कायमस्वरूपी स्थानकांची नावे अशी मध्यवर्ती पातळीवर ठरतात. महाराष्ट्रात मोजणीसाठी उभारलेल्या ७७ कॉर्स स्थानकांतही, म्हणजे सतत चालू असणाऱ्या कायमस्वरूपी संदर्भ स्थानकांतही, अशी गफलत सहसा होत नाही. गफलत होते ती शेतात, तिपाईवर, दुपारच्या उन्हात.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो. नाव पुसले तरी फाइलला आपण कुठे उभे होतो हे माहीत असते. रिसीव्हर दर सेकंदाला प्रत्येक उपग्रहापर्यंतचे अंतर मोजतो, पण त्या अंतरात त्याच्या स्वतःच्या घड्याळाची चूक मिसळलेली असते आणि ती प्रकाशाच्या वेगाने गुणली जात असल्यामुळे प्रचंड दिसते: एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. मात्र ही चूक त्या क्षणी सर्व उपग्रहांसाठी सारखीच असते. म्हणून एकाच नावाच्या दोन फायली घ्याव्यात, एकच क्षण निवडावा आणि प्रत्येक उपग्रहासाठी एका फाइलमधील अंतरातून दुसरीतले अंतर वजा करावे. दोन्ही फायली एकाच जागेच्या असतील, तर सर्व उपग्रहांसाठी वजाबाकी जवळजवळ सारखीच येईल, कारण उरतो तो फक्त दोन घड्याळांमधला फरक. जागा वेगळ्या असतील, तर वजाबाकी उपग्रहागणिक बदलेल.

आकड्यांत पाहू. दुसरा रिसीव्हर पहिल्याच्या बरोबर पूर्वेला १,४०० मीटरवर आहे आणि दोन घड्याळांमधल्या सुमारे १७३ मायक्रोसेकंदांच्या फरकामुळे अंतरांत ५२,००० मीटरची तफावत पडते, असे समजा. डोक्यावरच्या उपग्रहासाठी वजाबाकी जवळजवळ ५२,००० च येते, कारण त्याला दोन्ही रिसीव्हर सारख्याच अंतरावर दिसतात. पूर्वेकडे क्षितिजापासून २० अंशांवर असलेल्या उपग्रहाला दुसरा रिसीव्हर १,४०० गुणिले कोसाइन २०, म्हणजे सुमारे १,३१६ मीटर जवळ पडतो. तिथे वजाबाकी ५०,६८४ येते. पश्चिमेकडे तितक्याच उंचीवरच्या उपग्रहासाठी ती ५३,३१६ येते. ५२,००० चा आकडा सर्वांत आहे तो घड्याळाचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जे पसरले आहे ते अंतर आणि दिशा. हीच वजाबाकी आणखी एकदा, या वेळी दोन उपग्रहांमध्ये केली की घड्याळाचा भागही गळून पडतो आणि निव्वळ भूमिती शिल्लक राहते. या दुहेरी वजाबाकीवर अशी बहुतेक अचूक मोजणी उभी आहे. पण आधी फायलींची ओळख पटवायलाही ती उपयोगी पडते, हे मला नेहमीच सुंदर वाटत आले आहे. आमच्या दोन ०४१७ फायलींची वजाबाकी उपग्रहागणिक शेकडो मीटरांनी बदलत होती, म्हणजे तिपाया दोन होत्या. शीर्षभागात अंदाजे स्थानही लिहिलेले असते, मग एवढी उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. ते स्थान कधी आधीच्या कामाचे राहून गेलेले असते, तर कधी नुसती तीन शून्ये असतात. निरीक्षणे मात्र शिळी नसतात.

तिपाया दोन हे ठरल्यावर कुठली कुणाची हे ठरवावे लागते. त्यासाठी प्रत्येक फाइलचे स्थान स्वतंत्र काढले, काही मीटरपर्यंत बरोबर, आणि ते नकाशावरच्या नियोजित बिंदूंशी जुळवले. शीर्षभागातला पूर्ण अनुक्रमांक फील्ड बुकमधल्या नोंदीशी ताडून पाहिला. मग दुरुस्ती. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत करून त्या प्रतीत नाव बदलायचे असते, आणि इथे नवखे लोक एका क्षुल्लक गोष्टीवर अडखळतात. रिनेक्सच्या शीर्षभागातील प्रत्येक ओळीत पहिली ६० अक्षरे माहितीची असतात आणि ६१ व्या स्थानापासून त्या ओळीचे लेबल सुरू होते. नोटपॅडमध्ये चार अक्षरांच्या जागी सहा अक्षरांचे नाव लिहिले आणि पुढच्या दोन रिकाम्या जागा काढल्या नाहीत, तर लेबल ६३ व्या स्थानावर सरकते आणि सॉफ्टवेअरला ती ओळ ओळखताच येत नाही. नावाबरोबर अँटेनाची उंची आणि तिचा प्रकारही त्या त्या यंत्राचाच आहे ना, हे पाहावे लागते, नाही तर आडवी जागा बरोबर येऊन उंची काही सेंटिमीटरने बिघडते.

एवढे करून सर्व बिंदूंचे जाळे गणिताने सोडवले, तरी एका कोपऱ्यावर शंका राहिली, आणि तो प्रकार उलटा होता: रिसीव्हर एकच, बिंदू दोन, नाव एक. त्या कोपऱ्यावर हद्दीचा जुना दगड होता, आणि कोणे एके काळी कुणीतरी त्याला शेंदूर फासल्यामुळे तो आता दगड राहिला नव्हता. त्यावर छिन्नीने खूण करू देणार नाही, कोप होईल, असे मंडळींनी बजावले. माझ्या अनुभवात कोप एवढाच होतो की शेंदराच्या थरांखाली मूळ खूण बुजते आणि पुढच्या मोजणीदाराला दगडाचा मध्य अंदाजाने धरावा लागतो. म्हणून दगडाशेजारी सिमेंटमध्ये एक खिळा ठोकला गेला. ऑपरेटरने आधी दगडावर तिपाई लावली, मग खिळ्यावर, आणि मधे बिंदूचे नाव बदलायचे राहून गेले. सॉफ्टवेअरमध्ये एकाच नावाच्या दोन निकालांत दोन मीटरपेक्षा जास्त फरक असला तरच इशारा द्यावा, अशी मर्यादा कुणीतरी ठेवली होती. फरक १.८२ मीटर होता. इशारा आला नाही. सॉफ्टवेअरने दोन्ही निकालांची सरासरी काढली आणि कोपरा ना दगडावर, ना खिळ्यावर, मधल्या मातीत नेऊन ठेवला. ११० मीटर लांबीच्या बांधाचे एक टोक आडव्या दिशेने ९१ सेंटिमीटर सरकले तर मधे ५० चौरस मीटरचा त्रिकोण तयार होतो. तो जवळजवळ अर्धा गुंठा झाला, आणि अर्ध्या गुंठ्यासाठी आपल्याकडे दोन पिढ्या बोलत नाहीत.

इथे कोड अंतरांची, म्हणजे उपग्रहाच्या संदेशातल्या संकेतावरून काढलेल्या अंतरांची, ती सोपी वजाबाकी पुरेशी नव्हती, कारण तिच्यातला गोंगाटच मीटरभराचा असतो. दोन्ही फायली पायाभूत, म्हणजे जागा आधीच माहीत असलेल्या, बिंदूशी वेगवेगळ्या जोडून वाहक लहरीच्या कलेवरून, म्हणजे संदेश वाहून आणणारी रेडिओ लहर आपल्या चक्रात नेमकी कुठे आहे यावरून, सोडवाव्या लागल्या. त्या लहरीची लांबी १९ सेंटिमीटर असते. रिसीव्हर लहरीचा अपूर्णांक मिलिमीटरपर्यंत मोजतो, पण आधी किती पूर्ण लहरी गेल्या हे त्याला ठाऊक नसते, आणि तो पूर्णांक शोधून पक्का केला की जागा सेंटिमीटरमध्ये येते. दोन जागा तर मिळाल्या. पण दगड कोणता आणि खिळा कोणता? फील्ड बुकमध्ये दगडाची वेळ सकाळी १०:१५ अशी होती, तर पहिल्या फाइलची सुरुवात ०४:४५:१८ ला. जीपीएसची वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास नव्हे, तर ५ तास २९ मिनिटे ४२ सेकंद मागे असते, कारण पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी जागतिक वेळेत अधूनमधून मिळवलेले लीप सेकंद तिच्यात मिळवले जात नाहीत आणि ती जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे गेलेली आहे. वेळ सेकंदासह जुळली. फील्ड बुकच्या त्याच पानावर, कडेला, पेन्सिलीने एक छोटी आकृतीही काढलेली होती: एक गोल, एक फुली, मधे बाण, बाणावर 'ईशान्य' आणि खाली टेपने घेतलेले माप, १.८२.