वहिनीला दिवाडीत ऐकू आलेला यमन

दुपारी चारला जुन्या गोव्यातल्या मोन्तीच्या टेकडीवर संध्याकाळच्या मैफलीसाठी माइकची तपासणी चालली होती. 'हॅलो, वन टू' एवढ्या जोरात की कपेलच्या, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चच्या, पायऱ्यांवर बसलेल्या आम्हा चार लवकर आलेल्यांना कान झाकावे लागले. खाली मांडवी, पलीकडे दिवाडी बेट. वहिनी तिथं राहते. तिला फोन करून विचारलं, काही ऐकू येतं का? "काहीच नाही," म्हणाली. "कावळे ओरडताहेत तेवढे."

आठच्या सुमारास तिचाच फोन आला. मी अर्थातच उचलला नाही. मध्यंतरात मेसेज पाहिला : 'यमन चाललाय ना? पडवीत बसून ऐकतेय.'

आवाज तर दुपारपेक्षा कमीच होता. तपासणीच्या वेळी सगळं चढवून ठेवतात, मैफलीत खाली आणतात. मग दुपारी कावळे आणि रात्री यमन, असं का? आपल्याकडचं ठरलेलं उत्तर : रात्री शांतता असते. ते खरं आहे, पण अर्धंच.

गरम हवेत आवाज जलद धावतो. शून्य अंशाला सेकंदाला 331 मीटर, आणि पुढे प्रत्येक अंशाला साधारण 0.6 मीटरची भर. फेब्रुवारीतल्या दुपारी जमीन तापलेली असते, तिला टेकलेली हवाही तापलेली, वर जावं तसं थंड. शिगम्यातला रोमटामेळ, म्हणजे ढोलताशांवर नाचत निघालेली मिरवणूक, डोळ्यांसमोर आणा. रस्ताभर आडवी रांग चाललीय आणि डावीकडच्या गड्यांनी पाय उचलले, उजवीकडचे रेंगाळले, तर अख्खी रांग उजवीकडे वळते. ध्वनिलहरीचंही तेच. खालची बाजू गरम हवेत पुढे सरकते, वरची मागे पडते आणि लहर आभाळाकडे वळते. दुपारचं 'वन टू' वहिनीच्या माडांवरून वर निघून गेलं.

सूर्य बुडाला की गणित उलटतं. निरभ्र रात्री जमीन भराभर उष्णता सोडते, थंड जड हवा खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतात) आणि नदीच्या खोलगट भागात साचते, वर तुलनेनं उबदार थर राहतो. आता लहरीची वरची बाजू जलद, म्हणून लहर जमिनीकडे झुकते. खाली पाणी असेल तर आणखी सोय, कारण सपाट पाणी आवाज शोषत नाही, परतवतं. इंग्लंडच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं ध्वनीचं हे वळणं 1870च्या दशकातच उलगडून दाखवलं होतं.

वाऱ्याबद्दलही एक गैरसमज आहे. वारा आवाज 'वाहून नेतो' असं आपण म्हणतो. सेकंदाला पाच मीटरचा वारा 345 मीटरच्या आवाजाला काय वाहून नेणार? पण जमिनीलगत वारा अडखळतो आणि वर जोरात असतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेनं जाणारी लहर खाली वळते, उलट जाणारी वर. वाहून नेत नाही, वळवतो.

इकडे टेकडीवर तबलजी वैतागले होते. पहिल्या ख्यालाआधी लावलेला तबला द्रुतपर्यंत उतरला. हातोडी कडेच्या गजऱ्यावर टक, टक, मग कान कातड्याच्या पुडीजवळ, पुन्हा टक. माझ्यापुढे बसलेले काका म्हणाले, "तयारी करून येत नाहीत." काकांवर मी मनातल्या मनात चिडलो, कारण दोष हवेचा होता. तापमान उतरलं की सापेक्ष आर्द्रता चढते, कातडं ओल पितं, ढिलं पडतं, सूर खाली येतो. त्याच गारव्यात तानपुऱ्याची पोलादी तार आकसते आणि चढते. म्हणजे एकाच मंचावर एक वाद्य खाली निघालेलं, दुसरं वर. बासरी असती तर तीही उतरली असती, कारण तिच्या आतल्या हवेतच ध्वनीचा वेग कमी झालेला असतो. बंद सभागृहात हा खेळ फार हळू चालतो, उघड्यावर तासाभरात.

तबल्याचं निघालंच म्हणून : साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात, म्हणून बहुतेक ढोलांना ठाम सूर नसतो. मधल्या शाईच्या काळ्या लेपाच्या वजनानं ते नातं जुळतं, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली मांडलं. शाई लावणाऱ्या कारागिरांना अर्थातच ते कितीतरी आधी हातानं ठाऊक होतं.

उघड्यावर आणखी एक गंमत असते, ती मोठ्या मैदानात कळते. अतिद्रुत लय घ्या, मिनिटाला 240 मात्रा. एक मात्रा पाव सेकंदाची. मंचापासून 43 मीटरवर बसलेल्या रसिकापर्यंत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पोचायला अर्धी मात्रा लागते, आणि त्यानं समेवर दिलेली टाळी परत मंचावर पोचायला आणखी अर्धी. तो अगदी समेवर असतो, तरी गायिकेला त्याची टाळी पुढच्या मात्रेवर ऐकू येते. मागच्यांच्या टाळीकडे कलाकार लक्ष देत नाहीत ते उगाच नव्हे.

शिवाय उघड्यावर भिंती नाहीत, छप्पर नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं घटतो, आणि गेलेला सूर परत येत नाही. गायिकेला आपलाच आवाज पोकळ वाटतो, म्हणून तिच्या पायाशी तिच्याकडे तोंड केलेला स्पीकर ठेवावा लागतो. आमच्या दमट हवेचा एक फायदा मात्र आहे : कोरडी हवा वरचे बारीक स्वर जास्त खाते, दमट हवा कमी. घामाची एवढी तरी भरपाई.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम जत्रेतल्या नाटकवाल्यांना जाचतो, हे मी गावात लहानपणापासून ऐकत आलोय. त्यांचं दुःख मला कळतं. तरी भौतिकशास्त्र नियमाच्या बाजूचं आहे. लोक झोपतात त्याच वेळी हवा आवाज त्यांच्या खिडकीवर आणून टाकत असते. त्यातही खर्ज सर्वांत चिवट. तो हवेत फारसा विरत नाही, भिंतींतून शिरतो. म्हणूनच किनारपट्टीवर पार्टीच्या शेजारी राहणाऱ्यांना गाणं कधी कळत नाही, नुसतं ढुम ढुम.

दुसऱ्या संध्याकाळी मी तिकीट असून फेरीबोटीनं दिवाडीला गेलो, वहिनीच्या पडवीत बसलो. सातपर्यंत काही नाही. मग हळूहळू आलाप आला, मध्येच विरला, परत आला. हवेचे थर हलतात तसा तो हलत होता. बंदिशीचे शब्द मात्र लागेनात. क, त, स यांसारखी व्यंजनं उंच कंपनांची, ती वाटेतच झिजतात. स्वर तग धरतात. त्यामुळे राग ओळखता आला, बोल नाहीत.

दहाला सगळं थांबलं. आम्ही उठणार, तेवढ्यात टेकडीवरून एक माणूस बोलला, बहुधा माइक बंद करायचा राहिला होता. एकही शब्द कळला नाही. "कुणाला तरी केबल गुंडाळायला सांगतोय," वहिनी म्हणाली, "आणि तो गुंडाळत नाहीये."