रिमॅप केलेल्या गाडीसाठी टायर निवडताना

पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या, रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाड्यांच्या मालकांसाठी

पोलो जीटी, ऑक्टाव्हिया, आय-ट्वेंटी एन लाइन अशा गाड्या घेऊन दुकानात येणाऱ्या बहुतेकांची तक्रार ठरलेली असते. "रिमॅप झाला, आता चाकं जागेवरच फिरतात, जरा ग्रिपचे टायर टाका." टायर आम्ही टाकतोच, धंदाच तो आहे. पण कोणते टाकायचे आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी ठरलं तर पैसे वाया जात नाहीत. गर्दीच्या वेळी एवढं बोलणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे चार महिने रस्ता ओला असतो, तेव्हा ओल्यातली पकड बघून टायर घ्या, चारही एकसारखे घ्या, आणि जमलं तर रिमॅप करण्याच्या आधी घ्या.

पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरचा हिशोब

पुढच्या टायरना तीन कामं एकदम करावी लागतात: गाडी ओढायची, वळवायची आणि ब्रेकचा मोठा भार घ्यायचा. त्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडीचं वजन मागे सरकतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पुढची चाकं हलकी होतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हेच वजन फायद्याचं ठरतं. आपल्याला ते नडतं.

पोलोएवढी गाडी धरा. दोन माणसांसह वजन साधारण १,२५० किलो, त्यातलं ७७५ किलो पुढच्या चाकांवर. रिमॅपनंतर इंजिन २२५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं असं समजा. पहिल्या गिअरमध्ये हा टॉर्क चाकापर्यंत पोहोचेतो साधारण पंधरा पट होतो, म्हणजे गिअरबॉक्समधली घट वजा करूनही चाकं रस्त्याला सुमारे १,००० किलोच्या जोराने ढकलायला बघतात. कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी टायर ५८० किलोच्या आसपास जोर पेलतो. उत्तम स्पोर्ट टायर ६६० पर्यंत जाईल. हजार कुठे आणि ६६० कुठे! पहिल्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर रस्त्यावर चालवण्याजोगा कुठलाच टायर चाक फिरणं थांबवू शकत नाही. तिथे उपाय उजव्या पायाचाच.

खरा फरक दुसऱ्या गिअरला कळतो. तिथे टॉर्क साधारण नऊ पट होतो आणि जोर ६०० किलोच्या घरात येतो. साधा टायर इथे घसरतो, चांगला धरून ठेवतो. तिसऱ्यात कोरड्या रस्त्यावर दोन्ही टिकतात. पाऊस पडला की मात्र टायरची पेलण्याची हद्द ४०० किलोपर्यंत खाली येऊ शकते, आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करतानाही स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या गाडीचे थोडे वेगळे येतील. पण चित्र हेच असतं, आणि ओल्यातल्या पकडीवर आम्ही एवढा जोर का देतो ते यातून कळावं.

टायर बदलूनही एकच चाक फिरत असेल

वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होतं. साधा डिफरेन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे हलकं चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी मिळतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही गाड्यांत आतल्या चाकाला हलका ब्रेक लावून हे सावरलं जातं. घाटात सतत तसं झालं तर ब्रेक तापतात. भारतात २०२० मध्ये आलेल्या २४५ पीएसच्या ऑक्टाव्हिया आरएसला कंपनीनेच इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देणारा) दिला होता. या गाड्या फक्त २०० आल्या, तेव्हा बाकीच्यांनी बाहेरून बसवण्याचा खर्च धरावा. गाडी उचलताना पुढून धडधड होत असेल तर आधी इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) तपासून घ्या, खासकरून खालचा. तो सैल असेल तर नवा टायरही तसाच उड्या मारेल.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. घसरणारा टायर हा ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद नेणारा दांडा) आणि क्लचसाठी फ्यूजसारखा असतो. पकड वाढवली की तो फ्यूज निघून जातो आणि झटका सरळ गिअरबॉक्सला बसतो. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) क्षमता २५० न्यूटन-मीटर आहे. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमध्ये कंपनीने टॉर्क बरोबर २५० वर ठेवला होता, तो उगीच नाही. ही गाडी रिमॅप करून वर ग्रिपचे टायर टाकले आणि प्रत्येक सिग्नलला लाँच कंट्रोल (जागेवरून झपाट्याने सुटण्याची सोय) वापरला, तर पुढचा खर्च टायरच्या दुकानात होणार नाही.

टायरवरचा ट्रेडवेअर आकडा

टायरच्या बाजूला ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. आकडा जितका कमी, तितकं रबर मऊ आणि झीज जलद, असा साधारण अर्थ घ्या. ४०० च्या पुढचे टायर बहुधा टिकाऊपणासाठी बनवलेले असतात. ३०० च्या आसपास रस्त्यावरचे चांगले स्पोर्ट टायर येतात. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ वर ३२० लिहिलेलं असतं. २०० आणि खाली ट्रॅककडे झुकलेले. मात्र हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवरून स्वतःच देते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फार ताणू नका. शेजारी ट्रॅक्शनला एए, ए, बी असा दर्जा असतो. तो ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरतो. वळणातली पकड किंवा साचलेल्या पाण्यावर टायर तरंगणं यात मोजलेलंच नसतं.

सेमी-स्लिक (जवळपास बिननक्षीचे, ट्रॅकसाठीचे टायर) हवेत म्हणून हट्ट धरणारे दर मोसमात भेटतात. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला ट्रॅक डेसाठी जात असाल तर वेगळा सेट ठेवा, आनंदाने बसवून देऊ. पण ते रबर तापल्यावरच नीट धरतं, आणि नक्षी कमी असल्याने पाणी बाहेर फेकत नाही. जुलैत ताम्हिणीत असा टायर लावून जाणं म्हणजे जिवाशी खेळ. रोजच्या गाडीला आम्ही ते बसवत नाही.

फक्त पुढचे दोन?

सर्वात जास्त वाद याच्यावर होतो. "ताकद पुढे आहे, मागचे टायर नुसते फिरतात, मग चार कशाला?" हिशोब खिशाला पटतो. आता ओल्या घाटात उताराचं वळण घ्या. वेग जास्त वाटला म्हणून तुम्ही पाय उचलला. वजन पुढे आलं, मागची चाकं हलकी झाली. पुढचे टायर नवे आणि चिकट, ते धरतात. मागचे जुने आणि कडक, ते सुटतात. गाडीचं शेपूट बाहेर जातं आणि गाडी गोल फिरते. पुढचे आधी घसरले असते तर गाडी वळणात थोडी बाहेर गेली असती आणि वेग कमी केल्यावर परत आली असती. म्हणून दोनच घ्यायचे असतील तर मूळच्याच जातीचे घ्या, आणि नवे मागे लावा. विचित्र वाटेल, पण टायर कंपन्याही हेच सांगतात. पुढे वेगळे मऊ रबर आणि मागे दुसरंच काही, असं आम्ही करून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

रुंदी आणि साइज

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे कोरड्यात काही अंशी खरं. पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, स्टिअरिंग रस्त्याच्या खाचेत ओढलं जातं आणि मायलेज पडतं. पकडीचा मोठा भाग रबराच्या जातीतून येतो, दहा मिलिमीटर रुंदीतून नाही.

पोलोच्या १९५/५५ आर १६ टायरचा (रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) व्यास साधारण ६२१ मिमी. त्याजागी २०५/५५ आर १६ टाकला तर ६३२ होतो, म्हणजे पावणेदोन टक्के मोठा. स्पीडोमीटर तेवढं कमी दाखवेल आणि पिकअपही किंचित मंदावेल. २१५/४५ आर १७ चा व्यास ६२५ भरतो, जवळपास मूळचाच. शिवाय स्पोर्ट टायरची निवड १७ इंचात जास्त मिळते. पण त्याला किमान सात इंच रुंद रिम लागतो, आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, बुटकी असल्याने खड्ड्यात रिम वाकतो. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्याला आम्ही १६ वरच राहायला सांगतो.

साइजच्या पुढे ८७व्ही, ९१डब्ल्यू असं काही लिहिलेलं असतं. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंत, डब्ल्यू म्हणजे २७०. दोन्ही मूळ टायरपेक्षा कमी कधीच घेऊ नका. एवढा वेग कुणी इथे गाठावा असा अर्थ नाही, समृद्धीवरही मर्यादा १२० चीच आहे. पण वरच्या श्रेणीचा टायर उष्णता जास्त सोसतो, आणि मे महिन्यात नागपूरकडे जाताना ते उपयोगी पडतं.

खरेदी करताना

जून २०२० पासून टायरच्या आयातीवर सरकारी निर्बंध आहेत. त्यामुळे परदेशी यादीत दिसणारे कितीतरी टायर इथे मिळत नाहीत, आणि "बाहेरून मागवून देतो" म्हणणारे मात्र मिळतात. टायरवर आयएसआयची खूण आहे ना, ते बघा. बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात: १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. मऊ रबर पडून राहिलं की कडक होतं, म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मालावर पैसे घालू नका.

गाडीच्या ताकदीत केलेला बदल विमा कंपनीला न सांगितल्यास दावा करताना अडचण येऊ शकते. रिमॅप आम्ही करत नाही, पण हे सांगणं आमचं काम.

बसवल्यानंतर

रबराच्या वरच्या थरावर साच्यातलं तेलकट आवरण असतं, म्हणून पहिले २००-३०० किमी गाडी नरम चालवा. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, टायर थंड असताना. ग्रिप वाढते म्हणून हवा उतरवण्याचा प्रकार रस्त्यावर करू नका. साइडवॉल तापते आणि पाण्यावर टायर लवकर तरंगतो.

नव्या टायरबरोबर अलाइनमेंट करायलाच हवी. ताकद वाढलेल्या गाडीत पुढचे टायर तसेही भरभर झिजतात, त्यात टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकलेला असेल तर आतली कड केव्हा गोटा झाली ते वरून दिसतसुद्धा नाही. दर ८,००० किमीला पुढचे-मागचे बदलून घ्या. एकाच दिशेने फिरणारी नक्षी असेल तर त्याच बाजूला. १.६ मिमी ही झिजेची कायदेशीर हद्द, पण पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली आलेला स्पोर्ट टायर आम्ही बदलायलाच सांगतो. शक्यतो मेअखेरीस येऊन नक्षी मोजून जा, जूनच्या पहिल्या पावसानंतर इथे रांग लागते.

येताना रिमॅपनंतरचा डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) कागद असेल तर आणा, रिमची रुंदी आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतो ते माप) माहीत असेल तर लिहून आणा. टायर बसवल्यावर साधारण १०० किमी झाले की बोल्टचा टॉर्क परत तपासायला या. पोलो-ऑक्टाव्हियाला तो १२० न्यूटन-मीटर लागतो आणि आम्ही तो पान्याने मोजूनच देतो. याचे वेगळे पैसे नाहीत.