ट्रेलर उलाळ होऊ नये म्हणून

दोन सायकली आणि त्यांचा स्टँड मिळून साधारण ४० किलो भरतात. पिकअपमागे ओढायच्या, आत राहता-झोपता येईल अशा दीड-दोन टनी प्रवासी ट्रेलरला एवढं ओझं म्हणजे काहीच नाही, असं कुणालाही वाटेल. म्हणून स्टँड ट्रेलरच्या मागच्या बंपरवर बसतो, सायकली वर चढतात आणि मंडळी निघतात. ताशी ७० किलोमीटरपर्यंत सगळं ठीक असतं. ९५ ला एक भलामोठा ट्रक शेजारून जातो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. इंजिन तेच, टायर तेच, चालकही तोच. कालपर्यंत हाच ट्रेलर मुकाट्याने सरळ मागे येत होता. मग या ४० किलोंनी असं काय केलं?

ट्रेलर म्हणजे एक्सलवर टेकलेली एक लांब फळी. तिचं पुढचं टोक पिकअपच्या मागे बसवलेल्या बॉलवर (लोखंडी गोळ्यावर) विसावलेलं असतं. समजा बॉलपासून एक्सल ४ मीटर मागे आहे आणि सायकली एक्सलच्याही ३ मीटर मागे. मागचं टोक ४० किलोंनी दबलं की पुढचं टोक ४० × ३ ÷ ४, म्हणजे ३० किलोंनी उचललं जातं. बॉलवर येणाऱ्या या भाराला टंग वेट म्हणतात. ट्रेलर सरळ चालणार की नाही, हे पुष्कळसं या एका आकड्यावर ठरतं. दोन चाकांच्या गाडीत मागे जास्त ओझं होऊन पुढचं टोक हलकं पडलं, तर त्यासाठी मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे: गाडी उलाळ होणं. प्रवासी ट्रेलरच्या बाबतीत सगळ्यात जास्त भ्यावं ते यालाच.

सायकलींचा दुसरा परिणाम वजनकाट्यावरही दिसत नाही. तो कळायला मीटरभर लांबीची एक काठी घ्या. दोन्ही टोकांना पाण्याची एकेक भरलेली बाटली बांधा, काठी मधोमध धरा आणि मनगटाने डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहा. मग त्याच बाटल्या मुठीजवळ सरकवा आणि पुन्हा फिरवा. वजन तसूभरही बदललेलं नाही, पण पहिल्या वेळी काठी फिरवायला जड गेली आणि एकदा फिरल्यावर थांबवायलाही मनगटाला जोर लावावा लागला. याला जडत्वाचा आघूर्ण म्हणतात आणि तो अंतराच्या वर्गाने वाढतो. सायकली एक्सलपासून अर्ध्या मीटरवर असत्या, तर या हिशेबात (वजन गुणिले अंतराचा वर्ग) त्यांचा वाटा १० आला असता. ३ मीटरवर तोच ३६० होतो. म्हणजे त्याच सायकली छत्तीस पट आडमुठ्या झाल्या.

ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातल्या अभियंत्यांनी नेमकी हीच गोष्ट पूर्ण आकाराच्या चाचणी-ट्रेलरवर तपासली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ट्रेलरचं नुसतं एकूण वजन वाढवल्याने स्थैर्यावर मर्यादित परिणाम झाला. खरा फरक पाडला तो वजनाच्या मांडणीने: नाकावरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा भार, टोकांकडे पसरलेलं ओझं आणि एक्सलची जागा. ट्रेलर ओढायला निघालेल्या प्रत्येकाने हा निष्कर्ष मनात पक्का ठेवावा असं मला वाटतं, कारण आपलं सगळं लक्ष 'किती किलो' यावर असतं आणि 'कुठे' हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

ट्रेलर हलतो म्हणजे काय होतं, तेही पाहू. वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून जाणाऱ्या ट्रकने मागची बाजू जराशी ढकलली जाते. ट्रेलरचे टायर तिरके पडतात, रस्त्याला घासत विरोध करतात आणि ट्रेलरला परत रेषेत आणतात. तो मधल्या रेषेवरून थोडा पलीकडे जातो, पुन्हा परततो. कमी वेगात प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होतो आणि दोन-तीन झोक्यांत सगळं शांत होतं. पण वेग वाढेल तशी झोके जिरवण्याची ही ताकद घटत जाते. एका ठरावीक वेगाला ती शून्य होते आणि त्यापुढे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. हा धोक्याचा वेग प्रत्येक जोडीचा वेगळा. नाकावर पुरेसा भार असला, तर तो आपण कधी गाठणारच नाही इतका वर राहतो. ट्रेलर उलाळ असला, तर तो रोजच्या महामार्गी वेगाच्याही खाली येतो. सायकलींनी तेच केलं.

झोके सुरू झालेच तर हात-पाय स्वतःहून जे करू पाहतात ते बहुतेक चुकीचं असतं. स्टिअरिंगने झोक्याचा पाठलाग केला, तर आपण एक ताल उशिरा पोहोचतो आणि झोक्याला हातभारच लावतो. पिकअपचा ब्रेक जोरात दाबला, तर ट्रेलर मागून ढकलतो आणि आणखी आडवा होतो. स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि ब्रेक कंट्रोलरवरची (चालकाजवळच्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या पेटीवरची) कळ हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागून ताणला गेला की रेषेत येतो. ही कळ अंधारातही सापडेल इतकी सवयीची हवी. नव्या पिकअपमध्ये झोके ओळखून एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती असावीच, पण चुकीच्या भरणीवर तो इलाज नव्हे.

नाकावर भार किती हवा? उत्तर अमेरिकेतला रूढ नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. युरोपात तो बराच कमी ठेवतात, पण तिथे ट्रेलर ओढतानाचा वेगही कमी असतो. जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि विशिष्ट अटी पूर्ण केल्या तर मोटारमार्गावर १००. एका खंडातला नियम उचलून दुसऱ्या खंडातल्या वेगाला लावायचा नसतो.

आता निवडीकडे येऊ. पिकअपच्या माहितीपत्रकात 'ओढण्याची क्षमता ३४०० किलो' असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा खोटा नसतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो काढत असे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक आणलं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, रणरणत्या उन्हात, एसी चालू ठेवून, ठरलेल्या किमान वेगाने चढावा लागतो. परीक्षा कडक आहे. मात्र तिच्यात गाडीत धरलेली माणसं फक्त दोन, प्रत्येकी सुमारे ६८ किलोची.

सुट्टीला निघालेलं कुटुंब असं नसतं. म्हणून चालकाच्या बाजूचं दार उघडा आणि चौकटीवरचं स्टिकर वाचा. 'माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा जास्त नको' असा एक आकडा तिथे असतो. समजा तो ६५० आहे. चालकासकट चार माणसं २८० किलो, मागच्या हौद्यातलं आणि आतलं सामान १०५, हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याचं, लोखंड ४०. उरले २२५. ट्रेलरचा टंग वेट याच २२५ मध्ये बसायला हवा. टंग वेट १३ टक्के धरला, तर भरलेला ट्रेलर साधारण १७०० किलोंचा निघतो. माहितीपत्रकातल्या ३४०० च्या बरोबर निम्मा! इंजिनाची ताकद संपायच्या कितीतरी आधी मागच्या स्प्रिंगांची सहनशक्ती संपते, आणि लहान ट्रेलर घ्यायचं खरं कारण हेच आहे.

ट्रेलरवाल्यांच्या कागदावरचं 'कोरडं वजन'ही जपून वाचावं. त्यात पाणी नसतं, बऱ्याचदा बॅटरी नसते, भरलेले गॅस सिलिंडर नसतात आणि भांडी-अंथरुणं तर नसतातच. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. सगळं चढवेपर्यंत ३०० ते ४०० किलो सहज वाढतात. म्हणून हिशेब ट्रेलरच्या कमाल अनुज्ञेय वजनावर करावा. तो आकडा ट्रेलरच्या पाटीवर जीव्हीडब्ल्यूआर म्हणून असतो. आणि पाण्याची टाकी कुठे आहे हे वाकून पाहावं. ती एक्सलच्या मागे असेल, तर टाकी भरल्यावर नाक हलकं होतं. पुढे असेल, तर जड होतं. वापरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत साठत गेलं की भार प्रवासातच जागा बदलतो. सकाळी बरोबर असलेला ट्रेलर तिसऱ्या दिवशी बरोबर असेलच असं नाही.

टंग वेट जास्त झाला तरी चालत नाही, कारण पिकअप हीसुद्धा तरफच आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.६ मीटर आणि बॉल मागच्या चाकांच्या १.२ मीटर मागे असेल, तर २२५ किलोंनी मागचा एक्सल ३०० किलोंनी दबतो आणि पुढचा ७५ किलोंनी उचलला जातो. स्टिअरिंगचं काम पुढची चाकं करतात, बरंचसं ब्रेकिंगही तीच करतात आणि हेडलाइट झाडाच्या शेंड्यांवर पडू लागतात ते वेगळंच. भार वाटून देणारा हिच स्प्रिंगच्या दांड्यांनी जोडावर पीळ देतो आणि यातला काही भार पुढच्या एक्सलवर, काही ट्रेलरच्या चाकांवर परत पाठवतो. मात्र उलाळ ट्रेलर त्याने सुलट होत नाही. आधी मांडणी नीट करायची, मग हिच.

हवेचं गणित थोडक्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. ताशी ९० वरून १०५ ला गेलं की हवेसाठी जवळपास ६० टक्के जास्त शक्ती लागते. म्हणून महामार्गावर इंधन खातो तो ट्रेलरचा समोरून दिसणारा चौरस, वजन त्यामानाने कमी. दोन ट्रेलर सारख्या वजनाचे असतील तर मी अरुंद आणि बुटका निवडेन. पिकअपच्या सावलीत जेवढा मावेल तेवढा चांगला. शिवाय ट्रेलरचे पुष्कळसे टायर ताशी १०५ किलोमीटरच्या हिशेबानेच बनवलेले असतात. हवा कमी असेल तर ते वाकून-वाकून तापतात आणि फाटतात.

बांधणीत मला जुनी अंड्यासारखी फायबरग्लासची ट्रेलरं फार आवडतात. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला 'बोलर' नावाचा असा १३ फुटी ट्रेलर जन्माला आला. गोल टोपीसारखा दिसतो म्हणून हे नाव. वरचा आणि खालचा असे साच्यातले दोन अर्धे, मध्ये एकच सांधा. ट्रेलरचा मोठा शत्रू पाऊस आहे, आणि पाणी सांध्यातूनच शिरतं. लाकडी चौकटीच्या ट्रेलरमध्ये ते भिंतीआड वर्षानुवर्षं मुरतं. जुना ट्रेलर घेताना कोपरे आणि खिडक्यांच्या खालची जागा अंगठ्याने दाबून पाहावी. अंगठा रुतला तर दुसरा ट्रेलर बघावा.

उताराचंही एक गणित सांगतो. अडीच टनांचा पिकअप आणि दोन टनांचा ट्रेलर ३०० मीटर खाली उतरतात, तेव्हा सुमारे १३ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत ४० लिटर पाणी उकळेल. ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत ओतली, तर ब्रेक तापून ढिले पडतात. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकून इंजिनाला धरून ठेवू द्यावं आणि ब्रेक थोड्या वेळासाठी, पण ठामपणे लावून सोडावेत.

मागे घेताना मात्र लहान ट्रेलर मोठ्यापेक्षा नाठाळ असतो. मागे ढकललेला ट्रेलर म्हणजे तळहातावर उभी धरलेली काठी: आखूड काठी लवकर पडते, लांब काठी सावरायला वेळ देते. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा. ट्रेलरची शेपटी डावीकडे हवी तर हात डावीकडे, उजवीकडे हवी तर उजवीकडे. चालण्याहूनही हळू जावं, आणि वाकडं झालं तर पुढे जाऊन सरळ करावं. एखाद्या रिकाम्या मैदानात दोन तास घालवले की हे जमतं.

निघण्यापूर्वी टंग वेट घरीच मोजता येतो. ट्रेलर भरून, सपाट जागी, चाकांना उटी (अडसर) लावून उभा करा. एक मजबूत फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं वजनाच्या घरगुती काट्यावर टेकवा. दोन्ही टेकूंमध्ये ९० सेंटीमीटर अंतर हवं. ट्रेलरचं नाक विटेपासून ३० सेंटीमीटरवर फळीवर टेकवा. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. एकूण वजनासाठी वजनकाट्यावर जावं लागेल, पण तेही एकदाच.

जोडताना बॉलचा आणि कपलरचा (बॉलवर बसणाऱ्या, ट्रेलरच्या नाकातल्या वाटीचा) आकार एकच आहे ना, ते दोन्हींवर कोरलेले आकडे वाचून पाहा. लहान बॉलवर मोठा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्याला उडतो. खटका लावला की नाकाचा जॅक चार-सहा फेरे वर फिरवा. पिकअपची मागची बाजू सोबत उचलली गेली, तर जोड पक्का आहे. साखळ्या नाकाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या, म्हणजे जोड सुटलाच तर नाक रस्त्यावर न पडता त्या झोळीत पडेल.

मग निघा, आणि पहिल्या ८० किलोमीटरनंतर थांबा. चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळा. प्रत्येक चाकाच्या हबजवळ तळहात न्या आणि उष्णता अजमावा. सगळे सारखेच कोमट असतील तर पुढे चला. एकच इतरांपेक्षा जास्त तापला असेल, तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. ते तिथेच, दिवसाउजेडी पाहून घ्या.