निवडसूची, वेब अर्जातील

निवडसूची : वेबवरील अर्जात आधीच ठरवून ठेवलेल्या पर्यायांतून एक, क्वचित अनेक, पर्याय निवडण्यासाठी असलेला घटक. मिटलेली असताना एका ओळीचा चौकोन आणि उजव्या कडेला खाली टोक केलेला बाण; उघडली की त्याखाली यादी. बोलण्यात सर्वत्र ‘ड्रॉपडाऊन’ हाच शब्द रूढ आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ऑनलाइन सेंटरांत ‘बाण दाब, लिस्ट पडते’ एवढ्यावर भागते. कन्नड अर्जात यादीची पहिली ओळ ‘आय्के माडि’ आणि मराठीत ‘निवडा’ अशी असते. ही ओळ सूचना आहे, पर्याय नव्हे. तिला रिकामे मूल्य देऊन क्षेत्र अनिवार्य केले नाही, तर ‘निवडा’ नावाचे गाव नोंदवहीत जाऊन बसते. प्रस्तुत नोंद तयार कॉम्पोनंट लायब्ररी, म्हणजे पानाच्या घटकांचा आयता कोडसंग्रह, वापरून अशा याद्या बांधण्याविषयी, विशेषतः मराठी-कन्नड सीमाभागातील नावांच्या संदर्भात आहे.

उगम व कालनिश्चिती : पडद्यावर उघडणाऱ्या यादीचे मूळ कोणते, याबाबत मतभेद आहेत. एक मत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राकडे, म्हणजे १९७० च्या दशकातील स्मॉलटॉक प्रणालीतील झटकन उगवणाऱ्या यादीकडे बोट दाखवते. दुसरे मत १९८३ च्या ॲपल लिसा संगणकावरील, वरच्या पट्टीतून खाली ओढल्या जाणाऱ्या मेनूला मान देते. मात्र या दोन्ही आज्ञांच्या याद्या होत. तेथे ओळ निवडली की लगेच काहीतरी घडते. अर्जातील निवडसूचीत निवडल्याने फक्त मूल्य साठते, काम नंतर घडते. त्यामुळे तिची वंशावळ आयबीएमने १९८७ मध्ये पुढे आणलेल्या कॉमन यूझर ॲक्सेस या संकेतांच्या परंपरेत व त्या सुमाराच्या खिडकीप्रणालींत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. हा भेद केवळ इतिहासाचा नाही. बूटस्ट्रॅप या लायब्ररीत (२०११) ‘ड्रॉपडाऊन’ नावाचा जो घटक आहे तो मेनू आहे, अर्जातील निवडसूची नव्हे. नाव पाहून तो उचलणारे नवशिके आजही भेटतात. पाचव्या आवृत्तीत अर्जासाठी ‘फॉर्म-सिलेक्ट’ हा वर्ग वेगळा दिला आहे.

वेबवरील आरंभाची तारीख पुष्कळदा नोव्हेंबर १९९५ अशी दिली जाते, कारण त्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल (वेबपाने लिहिण्याची भाषा) २.० च्या प्रमाण-दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी १८६६ मध्ये, ‘सिलेक्ट’ व ‘ऑप्शन’ या खुणा (टॅग) आहेत. पण एक्स विंडो या युनिक्सवरील खिडकीप्रणालीसाठीच्या मोझेक ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत १९९३ च्या अखेरीसच भरता येण्याजोगे अर्ज होते आणि त्यांत ‘सिलेक्ट’ होता. डेव्ह रॅगेट यांचा एचटीएमएल प्लसचा, म्हणजे त्या भाषेच्या विस्ताराचा, मसुदाही त्याच सुमाराचा. तेव्हा वापर आधी व प्रमाण नंतर, असे मानून १९९३ हे वर्ष धरणे बरे. पर्यायांचे गट पाडणारी ‘ऑप्टग्रुप’ ही खूण डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये आली.

ब्राउझरची मूळ निवडसूची टिकाऊ असली तरी तिचे रूप मनासारखे बदलता येत नव्हते आणि तिच्यात शोधता येत नाही, या तक्रारीतून लायब्ररींचा जन्म झाला. जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या काळात चोझन (२०११) व सिलेक्ट२ (२०१२), फेसबुकने २०१३ मध्ये रिॲक्ट ही पडदे बांधण्याची लायब्ररी खुली केल्यानंतर रिॲक्ट-सिलेक्ट, मटेरियल यूआय, अँट डिझाइन. पुढे रूप न देता केवळ वर्तन पुरवणाऱ्या डाउनशिफ्ट, रॅडिक्स, हेडलेस यूआय यांसारख्या लायब्ररी, असा ढोबळ क्रम सांगता येतो.

घडण : कोणतीही लायब्ररी घेतली तरी भाग तेच असतात. दाबायचा चौकोन, तरंगणारी यादी, ओळी, शोधाची जागा आणि निवडलेले मूल्य धरून ठेवणारी अवस्था. यादी बहुधा पानाच्या मुळाशी नेऊन टांगतात, नाहीतर ती ज्या कप्प्यात आहे त्याच्या कडेला कापली जाते. काही लायब्ररी, उदाहरणार्थ रॅडिक्स, अर्ज नेहमीच्या रीतीने पाठवता यावा म्हणून आत एक अदृश्य मूळ ‘सिलेक्ट’ही ठेवतात.

या सर्वांत कळीचा भेद मूल्य आणि लेबल यांचा. लेबल माणसासाठी, मूल्य यंत्रासाठी. एका राज्यात, एका भाषेत, एकाच लेखनात नावे स्थिर असतील तर दोन्हींत एकच नाव भरले तरी निभावते. बेळगावात निभावत नाही. कर्नाटक शासनाने १ नोव्हेंबर २०१४ पासून बारा शहरांची नावे बदलली; त्यांत बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी माणूस बेळगाव म्हणतो व लिहितो, जुन्या इंग्रजी कागदावर बेलगाम वा बेळगाम आहे, नव्या दाखल्यावर बेळगावी. चारही लेखनांनी शोधले तरी एकच ओळ सापडली पाहिजे आणि मूल्य म्हणून एकच क्रमांक गेला पाहिजे. त्यासाठी केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील गावक्रमांक वापरणे श्रेयस्कर. पर्यायी नावे लेबलात कोंबू नयेत. रिॲक्ट-सिलेक्ट व मटेरियल यूआयच्या ऑटोकम्प्लीट या दोन्हींत शोधासाठी कोणता मजकूर पाहायचा हे ‘स्ट्रिंगिफाय’ नावाच्या फलनातून वेगळे सांगता येते, तेथे ती द्यावीत. रिॲक्ट-सिलेक्ट अक्षरांवरील ॲक्सेंट (é सारखी उच्चारचिन्हे) दुर्लक्षून शोधते असे तिच्या पर्यायांत दिसते, पण ती सोय रोमन अक्षरांपुरती आहे. ळ आणि ल, ण आणि न, ऱ्हस्व आणि दीर्घ यांची सांगड आपणच घालावी लागते. घातलेली सांगड शोधापुरतीच ठेवावी, मूल्यापर्यंत पोहोचू देऊ नये.

साखळी याद्या हा सीमाभागातील अर्जांचा सर्वांत अवघड भाग. महाराष्ट्रात सातबारा शोधताना जिल्हा, तालुका, गाव एवढ्या पायऱ्या. कर्नाटकात भूमी प्रकल्पाचा उतारा पाहायचा तर जिल्हा, तालुका, होबळी, गाव, मग सर्व्हे नंबर, सर्नॉक आणि हिस्सा (सर्व्हे नंबरचे पोटविभाग). होबळीची तुलना महाराष्ट्रातील महसूल मंडळाशी करता येते, पण मंडळ सामान्य माणसाच्या तोंडी नसते. होबळी येथे असते. महाराष्ट्रातील चंदगडाकडून खानापूर तालुक्यात लग्न होऊन आलेली बाई सेंटरवर ‘होबळी कोणती?’ या प्रश्नाशी अडते. गाव ठाऊक, तालुका ठाऊक. मधली जांबोटी की बिडी हे तिला कोणी सांगितलेले नसते. म्हणून गाव आधी शोधू द्यावे आणि होबळी आपोआप भरावी, ही उलटी साखळी येथे अधिक उपयोगी पडते. बेळगाव जिल्ह्यात १,२०० हून अधिक गावे आहेत. एवढ्या ओळी एकदम पडद्यावर मांडल्या तर साधा फोन अडखळतो. दिसतील तेवढ्याच ओळी मांडणारी आभासी यादी वापरावी, किंवा दोन अक्षरे टंकल्यावर सर्व्हरकडून मागवावी.

मागवण्यात एक खाच आहे. कोणी तालुका खानापूर निवडतो, चूक लक्षात येऊन लगेच बेळगाव करतो. कणकुंबी-जांबोटीच्या घाटात नेट रेंगाळते आणि खानापूरचे उत्तर बेळगावच्या उत्तरानंतर येऊन पोहोचते. आता पडद्यावर तालुका बेळगाव आणि गावे खानापूरची. वरची पायरी बदलताच खालची मूल्ये पुसावीत आणि चालू असलेली जुनी मागणी रद्द करावी. लायब्ररी हे आपण होऊन करत नाही.

जुळ्या नावांचा प्रश्नही येथे नित्याचा. कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक. सुळगा (हिंडलगा) आणि सुळगा (येळ्ळूर). खुर्द-बुद्रुक बोलताना पुष्कळदा के.एच. आणि बी.के. होतात, तेव्हा तीही रूपे शोधात हवीत. अरुंद पडद्यावर बहुतेक लायब्ररी लांब लेबल कापून पुढे तीन टिंबे देतात. मग यादीत एकाखाली एक दोनदा ‘कंग्राळी…’ दिसते आणि निवड नशिबावर जाते. ओळ दोन रेषांत मोडू द्यावी, एवढा साधा उपाय आहे.

उंचीबाबतही सावध असावे. रिॲक्ट-सिलेक्टच्या चौकोनाची मूळ किमान उंची ३८ पिक्सेल आहे, ती रोमन अक्षरांना पुरते. देवनागरीत वर रफार व अनुस्वार, खाली उकार; कन्नडात जोडाक्षराचे दुसरे अक्षर ओळीखाली लोंबते, त्याला ओत्तक्षर म्हणतात. ‘बेनकनहळ्ळी’ आणि ‘कित्तूर’ ही नावे दोन्ही लिप्यांत घालून पाहिली की ओळीची उंची पुरते की नाही ते कळते.

वर्णक्रमाचा प्रश्न : यादी कोणत्या क्रमाने लावावी, हा विषय लायब्ररींच्या माहितीपत्रकांत सहसा येत नाही. जावास्क्रिप्टची मूळ क्रमवारी युनिकोडच्या सांकेतिक क्रमांकांवर चालते. युनिकोडची देवनागरी मांडणी भारतीय इस्की संकेताच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आहे आणि तीत भारतीय लिप्या समांतर बसवल्या आहेत. देवनागरी व कन्नड या दोन्ही विभागांत ळ हे अक्षर आरंभापासून ५१ घरे पुढे, ल च्या लगेच नंतर आहे. देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवले की बहुधा त्याचे कन्नड जोडीदार अक्षर मिळते. ही सममिती लिप्यंतराला सोयीची, वर्णक्रमाला गैरसोयीची. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो. कन्नड वर्णमालेतही तो ह नंतर, अगदी शेवटी आहे. परिणामी केवळ संकेतक्रमाने लावलेल्या यादीत बळ्ळारी आधी आणि बसवकल्याण नंतर येते. मराठी शाळेत शिकलेला आणि कन्नड शाळेत शिकलेला, दोघेही नेमके उलट अपेक्षितात. सीमाभागात दोन्ही बाजूंचे एवढे एकमत विरळा, आणि तेही संगणकाने मोडलेले.

क्ष आणि ज्ञ यांचे स्थान मात्र खरोखर विवाद्य आहे. वर्णमाला म्हणताना ती शेवटी येतात. कोशकारांपैकी काही त्यांना स्वतंत्र अक्षरे मानून शेवटी ठेवतात, काही क् + ष आणि ज् + ञ अशी फोड मान्य करून क व ज खाली. व्याकरणदृष्ट्या दुसरे मत भक्कम आहे; गावांच्या यादीत मात्र वाचकाची सवय महत्त्वाची. अनुस्वाराचेही तसेच: बाराखडीत कं शेवटून दुसरा, संकेतक्रमात मात्र अनुस्वार व्यंजनांच्या आधी, त्यामुळे कंग्राळी कडोलीच्या वर येते. हा क्रम सरावाचा झाला आहे आणि तो मोडण्याचे कारण दिसत नाही. व्यवहारात डिसेंबर २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ईसीएमए-४०२ या जावास्क्रिप्टच्या भाषाविषयक प्रमाणातील ‘कोलेटर’ (क्रम लावणारा घटक) मराठी भाषासंकेतासह वापरावा आणि निकाल एकदा डोळ्यांखालून घालावा. कन्नड यादी कन्नड संकेताने वेगळी लावावी. मराठीचा क्रम लावून नुसती लेबले बदलू नयेत.

ऱ हे अक्षर शोधात फसवते. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द एका कळफलकावर एकसंध ऱ ने, दुसऱ्यावर र आणि नुक्त्याने, तिसऱ्यावर र, हलन्त व अदृश्य जोडचिन्हाने उमटतो. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणाने एक होतात, तिसरा होत नाही. तो हाताने बदलावा लागतो. शिवाय फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना शब्द पुरा होईपर्यंत मजकूर कच्चा असतो. त्या काळात प्रत्येक कळीगणिक यादी गाळली तर ‘पर्याय नाहीत’ अशी ओळ लुकलुकत राहते.

सुगम्यता : दृष्टिहीनांच्या वाचक-सॉफ्टवेअरला यादी कळावी म्हणून वाय-आरिया या प्रमाणाप्रमाणे भूमिका द्याव्या लागतात. शोधता येणाऱ्या यादीची, म्हणजे कॉम्बोबॉक्सची, रचना त्या प्रमाणाने दोनदा बदलली. पहिल्या आवृत्तीत (२०१४) भूमिका टंकनचौकटीला होती, १.१ मध्ये (२०१७) ती बाहेरच्या वेष्टनाला दिली गेली, १.२ ने (२०२३) ती पुन्हा चौकटीला दिली आणि यादीशी नाते ‘कंट्रोल्स’ या गुणधर्माने जोडले. मधली रचना वाचक-सॉफ्टवेअरांना नीट पेलली नाही, तरी जुन्या लायब्ररींत ती अजून आढळते. नवे काम १.२ नुसारच करावे. एनव्हीडीए या मोफत वाचकासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी व कन्नड दोन्ही आहेत, पण ओळीला भाषासंकेत दिलेला नसेल तर कोणती भाषा वाचायची हे त्याला कळणार कसे?

पर्याय चार-पाचच असतील तर निवडसूची करूच नये, सरळ रेडिओ बटणे द्यावीत. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांची आरेखनपद्धतीही निवडसूचीला शेवटचा उपाय मानते. फोनवर मूळ ‘सिलेक्ट’ बहुधा सरस ठरतो. मटेरियल यूआयमध्ये त्यासाठी ‘नेटिव्ह’ हा पर्याय आहे. २०२५ मध्ये क्रोमच्या १३५ व्या आवृत्तीपासून मूळ ‘सिलेक्ट’लाच सीएसएसने पूर्ण रूप देता येऊ लागले. शोधाची चौकट मात्र त्यात नाही.