दोन चित्रांच्या मधली गोष्ट

शब्द नसलेल्या चित्रपुस्तकात गोष्टीतले मोजके क्षण तेवढे छापलेले असतात; एका क्षणापासून दुसऱ्यापर्यंत काय घडले, ते मुलाला स्वतः जुळवावे लागते आणि नेमके हेच त्याला जड जाते. बरणीतून निसटलेल्या बेडकाला शोधत फिरणाऱ्या मुलाची व त्याच्या कुत्र्याची २४ चित्रांची गोष्ट रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन या भाषाशास्त्रज्ञांनी पाच भाषांतील मुलांकडून वदवून घेतली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांची मुले बहुधा समोरच्या पानावर दिसेल तेवढेच सांगत, पाच वर्षांची मुले लगतचे प्रसंग एकमेकांना जोडत, तर नऊ वर्षांच्या मुलांच्या कथनात ‘बेडूक शोधायचा आहे’ हे सूत्र बरेचदा शेवटपर्यंत टिके.

हा केवळ शब्दसंग्रहाचा प्रश्न नाही. बेडूक रात्रीच पळाला, हे आपल्याला दिसते, झोपलेल्या मुलाला नाही. दुसऱ्याला आपल्याइतके ठाऊक नसते, ही समज साधारणपणे चौथ्या-पाचव्या वर्षी पक्की होते.

मोठी माणसे काय विचारतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. समजा, खानदेशातल्या यावल तालुक्यातील एखाद्या अंगणवाडीत तीन चित्रे मांडली आहेत: ओट्यावर भाकरी खाणारी मुलगी, ताटात तोंड घालणारी शेळी आणि शेवटी नुसते रिकामे ताट. ‘हे काय?’ असे विचारले, तर ‘बकरी’ एवढेच उत्तर येईल. ‘मंग काय जयं?’ (मग काय झाले?) असे विचारले, तर एखादे मूल म्हणेल, ‘बकरी भाकर खाईसन पयी गई.’ यातले शेळीचे पळणे कोणत्याही चित्रात नाही. ते मुलाने घडवले आहे, आणि ‘खाईसन’ने (म्हणजे ‘खाऊन’ने) दोन घटना एकामागे एक बांधल्याही आहेत.

हे वाक्य अहिराणीतले आहे म्हणून ताईंनी ते मध्येच दुरुस्त करू नये, असे मला ठामपणे वाटते. पानावर छापील मराठी नसल्यामुळे अहिराणी काय किंवा सातपुड्यातली पावरी काय, घरची भाषा इथे चुकीची ठरत नाही. गोष्ट संपल्यावर ताईंनी तेच वाक्य थोडे वाढवून प्रमाण मराठीत म्हणावे. मुलाच्या उत्तरात भर घालण्याची ही रीत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी १९८८ साली साध्या चित्रपुस्तकांवर तपासली होती. महिनाभर आईवडिलांनी असे वाचन केल्यावर दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे बोलणे स्पष्टपणे सुधारले.

पुस्तक पहिल्यांदा हाती देताना मात्र मुलाला सगळी पाने न बोलता उलटू द्यावीत. शेवट आधी पाहिलेला असला, की पहिल्या पानावर काय सांगायला हवे, हे ठरवणे त्याला सोपे जाते.